भाकरीवरचा अंगठा

सुलभामावशींनी ती भाकरी स्वतःच्या ताटात ओढली, म्हणून मी अजून या शहरात आहे. त्यांच्या खानावळीत भाकऱ्या थापते, त्यावरच माझं चित्रकलेचं कॉलेज चालतं. त्या दुपारी वर्गात कोळशाने चित्र काढून मी थेट परातीशी बसले. बोटांच्या भेगांतला कोळसा साबणानेही निघाला नव्हता. एका गिऱ्हाइकाने भाकरी उचलून दाखवली. तिच्यावर माझा अंगठा रेषान्‌रेषा उमटला होता.

"मावशी, भाकरीवाली अंगठेबहाद्दर दिसतेय!"

सगळे हसले. वाटलं, परात तिथेच टाकून गावी निघून जावं. आठवीत शाळा सुटली, दहावी बाहेरून दिली. वर्गात हजेरीला नाव घेतलं तरी वाटतं, आता कुणीतरी म्हणेल, ही चुकून आलीय इथे. याला कसं कळलं?

"कोळसाच आहे तो. चुलीतला खाताच की रोज," मावशी म्हणाल्या. त्याला दुसरी वाढली आणि ती भाकरी स्वतःच्या ताटात ओढून उभ्या उभ्याच खाल्ली.

भीती काही गेली नाही. अजून प्रत्येक भाकरी उजेडात धरून बघते. आपले हात आपल्याविषयी कुणाला काय काय सांगत असतील, कोण जाणे. पण एक दिवस मावशींना पाटावर बसवीन, तव्यावरची गरम भाकरी वाढीन आणि पोटभर जेवल्याशिवाय त्यांना उठू देणार नाही.