यासुजीने बांधलेली भिंत

लग्न होऊन किकुनो या खोऱ्यात आली तेव्हा सासूने तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. भाताच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी भांडायचं नाही आणि नदीतल्या हान्झाकीला हात लावायचा नाही. किकुनोने यातलं एकही ऐकलं नाही.

हान्झाकी म्हणजे चपट्या डोक्याचा, चिखलाच्या रंगाचा, पालीसारख्या घडणीचा प्रचंड सॅलॅमँडर, शाळकरी पोराएवढा लांब. परवानगीशिवाय त्याला हात लावणं गुन्हा. उन्हाळा सरताना ते अंडी घालायला वरच्या पाण्याकडे निघतात आणि वाटेत आडवा येतो सिमेंटचा बंधारा. मोठ्या पुरानंतर तो बांधला, तेव्हा थापी धरणाऱ्या हातांत किकुनोच्या नवऱ्याचे, यासुजीचेही हात होते.

"अहो, तुमच्या भिंतीखाली जाऊन बघा जरा. धडका देऊन नाकं सोलवटलीत बिचाऱ्यांची."

"त्याच भिंतीमुळे तुझ्या भाताला पाणी मिळतंय," यासुजी मुळ्याचं लोणचं कडाकडा चावत म्हणायचा. "भात नको असेल तर सांग, उद्या पाडतो."

त्याने काही भिंत पाडली नाही. मग किकुनोच भाजीची टोपली पाठीला लावून नदीत उतरायची, ओल्या गोणपाटात जनावर गुंडाळायची आणि चढ चढून वरच्या डोहात सोडायची. भडकलेला हान्झाकी अंगातून पांढरा चीक सोडतो आणि त्याला तिरफळाचा वास येतो. तो वास तिच्या कपड्यांतून सबंध शरद ऋतू जात नसे. एकाने तर तिचा अंगठाच फोडला होता.

आधी गाव हसलं. पुढे शहरातले लोक हान्झाकी बघायला येऊ लागले, तेव्हा त्याच गावाने उन्हाळी उत्सवात तिच्या डोक्यावर कागदी हान्झाकी बांधून तिला मिरवलं. कायदा तेव्हा कुणालाच आठवला नाही.

यासुजी गेला त्या वर्षी तिला बंधाऱ्याखाली सर्वांत मोठा नर सापडला. तो पाठीवर घेऊन चढताना ती तीनदा खाली बसली. त्याने थेट तिच्या शेताच्या बांधाखालचं बीळ बळकावलं. बीळ राखून अंडी सांभाळणाऱ्या नराला तिकडे धनी म्हणतात. किकुनो संध्याकाळी बांधावर बसून या धन्याला दिवसभराचं सगळं सांगायची, वर म्हणायची, "तुम्ही निदान उलट तरी बोलत नाही."

तिची एकच मागणी होती. बंधाऱ्याच्या कडेने दगडांची उतरण करा, म्हणजे जनावरं आपली आपण वर चढतील. वर्षानुवर्षं अर्ज केल्यावर ती मंजूर झाली. काम सुरू करण्याआधी विद्यापीठातली तोमिनागा नावाची मुलगी सगळ्या हान्झाकींची तपासणी करून गेली. झाडं लाल होऊ लागली तेव्हा ती परत आली. किकुनोच्या घरी चहा समोर होता, पण ती पेल्याला हात लावेना.

"आजी, खालच्या नदीत फार पूर्वी कुणीतरी चीनचे सॅलॅमँडर सोडलेत. खाण्यासाठी आणले होते, धंदा बुडाला. खाली आता इथल्या आणि तिथल्यांची मिसळ झाली आहे. वरचं पाणी मात्र शुद्ध राहिलं होतं."

"होतं म्हणजे?"

"बंधारा होता म्हणून."

किकुनोचा दीर त्सुनेओ कोपऱ्यात बसला होता. उत्सवात तिच्या डोक्यावर तो कागदी हान्झाकी यानेच बांधला होता. "वहिनी, मी तेव्हाच म्हणत होतो," तो म्हणाला. तो तसं कधीच म्हणाला नव्हता.

"तुमचं तोंड धुऊन या, भाऊजी," किकुनो म्हणाली. मग हळूच विचारलं, "आमचा धनी?"

"तो मिश्र आहे. वरची बहुतेक पिल्लं त्याचीच आहेत. उतरण आता होणार नाही, आजी. त्याला शहरात टाकीत ठेवू, मारणार नाही."

"आणि बिळातली अंडी?"

"तीही काढावी लागतील," तोमिनागा पेल्याकडे बघत म्हणाली. तिचा राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं, आणि किकुनोला तर कुणाचा तरी राग धरायची फार गरज होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धरायला आलेल्या कुणालाच धनी दाद देईना. शेवटी किकुनोच कमरेएवढ्या पाण्यात उतरली. बिळात हात घातला तर तो शेपटीने अंड्यांना वारा घालत होता. तिचा हात ओळखून म्हणा किंवा दमून म्हणा, तो चावला नाही. तिने त्याला आपल्याच टोपलीतून खाली नेलं. तिरफळाचा वास मात्र त्याने भरपूर सोडला.

गावाने तिला वाळीत टाकलं नाही. ओसरीवर बसलेली माणसं ती आली की हवापाण्याबद्दल बोलू लागायची, एवढंच. तिला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्याअखेरी ती टोपलीशिवाय बंधाऱ्यावर गेली. खाली एक हान्झाकी भिंतीला धडका देत होता, नाकाची साल निघालेली. कडेच्या भेगेत एक लहानगा अर्धा वर चढला होता. शुद्ध की मिश्र, ते डोळ्यांना कळत नाही. तिने त्याला अलगद धरून खाली सोडलं. मग घरी जाऊन नवऱ्याची गंजलेली थापी शोधून आणली, सिमेंट कालवलं आणि भेग बुजवायला बसली.

"तुमचंच खरं झालं हो," ती भिंतीला म्हणाली, आणि खालच्या धडका ऐकू येत असताना तिने वरून हात फिरवून सिमेंट गुळगुळीत केलं.