अक्काचा कॉल आणि साहेबांची तपासणी

"मोहुर्ले, लाइन गेली. हातातलं काम सोड आन ये," एवढं बोलून चिंतलवार साहेबांनी फोन ठेवला.

टेलिफोन खात्यात ते माझे साहेब होते, मी त्यांचा लाइनमन. दोघंही कधीच रिटायर झालो. ते चामोर्शीत घर बांधून राहिले आणि मी तिथंच लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण साहेबांचा आवाज ऐकला की माझे पाय अजून आपोआप खांब शोधतात. स्कूटर काढली. बाजाराचा दिवस होता. त्या गर्दीतून मी गाडी अशी नेली, की एकाही वांग्याच्या ढिगावर चाकाची खूण उमटली नाही. घरी आल्यावर डिक्कीत दोन वांगी निघाली, ती कशी आली ते मला आजही सांगता येणार नाही.

साहेब फाटकातच उभे होते. घामाघूम.

"वायफाय गायब झालं लॅपटॉपवरचं. चार वाजता अक्काचा कॉल आहे."

अक्का म्हणजे बाईंची, साहेबांच्या मिसेसची, थोरली बहीण. दोघी मूळच्या तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्याच्या, घरची बोली तेलुगू. अक्का हैदराबादच्या दवाखान्यात भरती होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्याआधी बहिणीशी बोलायला दवाखान्यानं चार वाजताची वेळ दिली होती. नंतर फोन बंद. आता बाईंचं असं, की त्यांचे कान पार गेलेले. यंत्र लावूनही घूं घूं ऐकू येतं. त्या समोरच्याचे ओठ वाचतात. लांबचं लख्ख दिसतं, पण जवळची नजर कमी झाली, त्यामुळे मोबाइलच्या पडद्यावरचे ओठ त्यांना मुंगीएवढे दिसतात. म्हणून मोठ्या पडद्याचा लॅपटॉप. अक्का तिकडून तेलुगूत बोलायची, बाई इकडे तिचं तोंड वाचायच्या. त्या दिवशी हा कॉल चुकला असता, तर पुढचा होईलच असं कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

मी लॅपटॉपसमोर बसलो. कोपऱ्यात वायफायची पंख्यासारखी खूण असते, तिथे पृथ्वीचा गोळा आलेला. जग आहे, पण तुमच्यासाठी नाही, असा त्याचा अर्थ.

लाइन तुटली की आम्ही एका टोकापासून चालत सुटत नसू. मध्यावर जायचं, तारेला टेस्ट फोन लावायचा, दोन्हीकडे ओरडायचं. जी बाजू ओ देत नाही, बिघाड तिकडे. आलापल्लीच्या पुढे हे काम मी ऐन जंगलात केलंय. वाऱ्यानं खांब गुणगुणायचा, अस्वलाला वाटायचं आत मधाचं पोळं आहे. ते मिठी मारून वर चढायचं. एक अस्वल तर इतकं वक्तशीर होतं, की हजेरीपटावर त्याची सही घ्यायची तेवढी राहिली होती. सिरोंच्याहून लाइन बंदची तक्रार आली की मी आधी विचारायचो, अस्वल उतरलं का?

तीच युक्ती इथे केली. साहेबांचा मोबाइल पाहिला. घरचं वायफाय त्यावर झकास चाललेलं. म्हणजे बाहेरून घरापर्यंत लाइन शाबूत, राउटर ठीक. बिघाड लॅपटॉपच्या पोटात. एअरप्लेन मोड बघितला, बंदच होता. रिस्टार्ट मारला. फरक नाही. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. लॅपटॉपमधल्या एकेका भागाची हजेरी तिथे लागते. वायफाय कार्डाच्या नावावर पिवळा त्रिकोण होता.

"साहेब, काल रात्री अपडेट झाला होता का?"

साहेबांनी मागे वळून पाहिलं. बाई अंगणापलीकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. साहेब माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, "काल नाई, आज सकाळी. मीच केला. अक्काच्या कॉलमध्ये गडबड नको म्हणून सगळे अपडेट मारून घेतले. वायफाय गेलं. मग मोबाइलवर वाचलं की ड्रायव्हर काढून टाकला की आपोआप परत येते. काढला. नाई आला. बाईले सांगू नको."

मला हसू आवरेना. मंत्री येणार म्हटलं की साहेब आदल्या दिवशी अख्ख्या लाइनची तपासणी काढायचे. दहा वर्षं बिनतक्रार चाललेले जोड उघडायचे, पुसायचे, पुन्हा बांधायचे. मंत्री यायचे आणि लाइन नेमकी तेव्हाच बसायची. मग भर पावसात खांबावर मी, खाली छत्रीत साहेब. "काय दिसून राह्यलं?" असं ते विचारायचे आणि मी वरून सांगायचो, "हैदराबादपर्यंत सगळं दिसून राह्यलं साहेब, फक्त बिघाड नाई." काय दिवस होते. गुडघे तेव्हाच गेले, पण त्या खांबावरून दिसणारं प्राणहितेचं पाणी अजून डोळ्यांत आहे.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते सांगतो. वायफाय कार्ड म्हणजे आपल्याकडचा जंगलातला पक्का माडिया आदिवासी. कामाला वाघ, पण साहेबाची भाषा त्याला येत नाही आणि साहेबाला त्याची. मधे दुभाषा लागतो. तो ड्रायव्हर. अपडेटनं जुन्या दुभाष्याची बदली केली आणि जो नवा पाठवला त्याला धड एकाचीही भाषा येईना. जुना परत बोलवायची सोय असते, पण साहेबांनी नव्यालाही हाकलताना खालच्या चौकोनात टिक मारली होती. त्यानं जुन्याची फाइलही गेली. दुभाषा पुन्हा आणायचा तर इंटरनेटवरून, आणि इंटरनेट नाही म्हणून तर दुभाषा पाहिजे. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात छळवादी खड्डा.

बाई चहा घेऊन आल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं त्या बोलतात ते शेजारच्या गल्लीत पोचतं. "मोहुर्ले भाऊ, सकाळी साहेबांनीच बिघडवला न?"

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोर्टात फितूर झालो.

"त्याईच्याकडे काऊन पाहून राह्यले? तुम्हीच सांगितलं. खिडकीतून सगळं दिसते मले." मग त्या माझ्या समोर बसल्या. आवाज एकदम उतरला. "अक्का दिसन न भाऊ?"

मी मोठ्यानं नाही, मोकळ्या तोंडानं म्हणालो, "दिसन."

म्हणालो खरं, पण तोवर उपाय सुचला नव्हता. साहेबांचा लॅपटॉप पापडासारखा पातळ. राउटरची जाड वायर लावायला त्याला भोकच नाही. मग नजर मोबाइलवर गेली. मोबाइल घरचं वायफाय घेतोय. त्यानं ते हवेतून घ्यावं आणि चार्जिंगच्या वायरीतून लॅपटॉपला द्यावं. याला यूएसबी टेदरिंग म्हणतात. नाव बोजड आहे, काम बादलीनं विहिरीचं पाणी घरात आणण्याचं.

वायर लावली. मोबाइल चार्ज व्हायला लागला, पण टेदरिंगचं बटण काही उमटेना. वायर बाजारातली, स्वस्तातली. तिच्यात फक्त करंट जातो, डाटा जायच्या तारा आतमध्ये नसतातच. घरातल्या सगळ्या वायरी तपासल्या. सगळ्या एकाच आईच्या.

"मोबाइलसोबत डब्यात आली होती ते वायर कुठी आहे?" मी विचारलं.

"स्पेअरमध्ये आहे," साहेब म्हणाले. आणि जागचे हलले नाहीत.

साहेबांचं स्पेअर मला ठाऊक होतं. खात्यात त्यांच्या स्टोअरमधून नवी पक्कड मिळवायची तर जुनी मोडकी जमा करावी लागे. मोडकी नदीत पडली असेल तर आधी नदीत उतरावं लागे.

"साहेब, आज नाई काढली तर कोणासाठी ठेवता ते?"

ते उठले. कपाटातून डबा आला. वायरीवरची कागदी पट्टीसुद्धा निघालेली नव्हती. ती मीच फाडली, आणि साहेबांनी डोळे मिटून घेतले.

वायर लावली, मोबाइलवर बटण उमटलं, दाबलं. पृथ्वीचा गोळा गेला.

"आता पहिले ड्रायव्हर टाक, काम पक्कं कर," साहेबांनी जुन्या आवाजात हुकूम सोडला.

"नाई साहेब. पहिले अक्का. पक्कं काम मागून."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हणालो आणि त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

अक्का पडद्यावर आली. डोक्याला हिरवी टोपी. बोलायला लागली आणि बाईंचा चेहराच पडला. त्यांना एक अक्षर वाचता येईना. नर्सनं अक्काची कवळी आधीच काढून ठेवली होती. तोंडाची सगळी वळणंच मऊ पडलेली. साहेबांनी पुढे होऊन तेलुगूत विनंती केली. नर्स हसली आणि कवळी परत आली. अक्कानं ती बसवली, दात दोनदा वाजवून दाखवले आणि पुढे काहीतरी म्हणाली. बाई इतक्या हसल्या, की पदर तोंडाला लावावा लागला.

आम्ही दोघं ओसरीवर येऊन बसलो. लग्न होऊन आल्या तेव्हा याच बाई सिरोंच्याच्या ट्रंक कॉलसाठी आमच्या एक्सचेंजच्या बाकावर तासन्‌तास बसायच्या. तेव्हा त्यांना कान होते, आमच्याकडे लाइन नव्हती. आतून बाईंचं तेलुगू येत राहिलं, मधेच थांबत, मधेच रडत, मग पुन्हा हसत. अक्का काय सांगत होती ते त्या दोघींनाच ठाऊक.

कॉल संपल्यावर त्याच वायरीवरून लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर उतरवला, टाकला, रिस्टार्ट मारला. पिवळा त्रिकोण गेला, पंख्याची खूण आली. सगळं मिळून एका कप चहाचं काम. मी वायर काढून साहेबांच्या हातात दिली. ती त्यांनी डब्यात ठेवली नाही, लॅपटॉपशेजारी खिळ्याला टांगली.

अक्काचं ऑपरेशन नीट झालं. पुढच्या कॉलला ती दातांसकट आली आणि बाईंशी भांडलीसुद्धा, असं साहेब कौतुकानं सांगत होते.

धडा काही मोठा नाही. महत्त्वाच्या कॉलच्या दिवशी चालू लाइनला हात लावू नये. साहेबांनी तो मनावर घेतलाय, जरा जास्तच. परवा भर दुपारी त्यांचा फोन आला, आवाज दबका.

"मोहुर्ले, खालच्या कोपऱ्यात अपडेट करू का म्हणून विचारून राह्यला. आन बाई अक्कासंग बोलून राह्यल्या. काय सांगू त्याले?"

"सांगा त्याले," मी म्हणालो, "साहेब मीटिंगमध्ये आहेत."