दोरीसाहेबांचा जपान

सिनेमात माणसं आली की दोरीसाहेब रिमोटचं बटण दाबून त्यांना पुढे पळवत. तलवारी उपसलेले दोन वीर समोरासमोर उभे आहेत, वारा सुटलाय, आता कुणाचं तरी मुंडकं उडणार म्हणून मी तोंडाला पदर लावून बसलेली, आणि साहेबांनी बटण दाबलेलं. ते वीर तुरुतुरु धावत एकमेकांना मारून मोकळे होत. पडद्यावर चिखलाचं खाचर दिसलं की मात्र साहेब बटण सोडत, खुर्ची पुढे ओढत आणि काचेला नाक लावत. खाचर रिकामं निघालं तर म्हणत, "यांची आवणी लागली नाय अजून." आवणी म्हणजे आमच्याकडची भाताची लावणी. मग पुन्हा माणसांची पळापळ सुरू. असा सिनेमा बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

मी शेणव्याच्या पोस्टात बसते. साहेब निवृत्त कृषी सहाय्यक. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतच त्यांची सगळी नोकरी झाली. स्कूटरच्या हॅन्डलला कायम एक सुतळीचं भेंडोळं, तिला नऊ-नऊ इंचांवर गाठी. ती दोरी खाचरात ताणून धरायची आणि गाठीला गाठ लागेल तसं एकेक रोप लावायचं, याला खात्यात जपानी पद्धत म्हणत. त्या दोरीवरून त्यांचं खरं नाव पगारपत्रकावरच राहिलं आणि गावोगाव ते दोरीसाहेब झाले.

त्यांचं पहिलं पार्सल आलं तेव्हा मला वाटलं, विटा मागवल्यात की काय. विलायतेहून आलेलं, चांगलं जड. साहेबांनी ते माझ्यासमोरच टेबलावर उघडलं. आत जाड पुठ्ठ्याचं देखणं खोकं, त्यात सात डिस्क, एक जाडजूड पुस्तक, घडी घातलेलं पोस्टर. सगळं जुन्या जपानी सिनेमांचं. खोक्याच्या पाठीवर एक आकडा छापलेला होता.

"मर्यादित आवृत्ती आहे, बाई. तीन हजारच काढल्यात. आपला एकशे बारावा."

"मग बक्षीस बिक्षीस लागतं का?"

"नाय हो! मोबाइलवर लोक बघतात ना, ते खळ्यावरचं भात. हे पैदासकार बियाणं आहे, अगदी मुळातलं शुद्ध. मूळ फिल्म धुऊन पुसून यावर उतरवलेली. यात चुडातली रोपं मोजता येतात."

चूड म्हणजे एका जागी लावलेल्या दोन-तीन रोपांचा झुबका. सिनेमात झुबके कशाला मोजायचे, हे माझ्या डोक्यावरून गेलं. मी पावतीवर सही घेतली.

ते खोकं पाच महिने त्यांनी नुसतं पुसलं. तिकडच्या डिस्क इकडच्या यंत्रावर चालत नाहीत, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी पुण्याच्या मुलीने सगळ्या देशांच्या डिस्क चालणारं यंत्र आणून दिलं. खोकी मागवायचं कामही तीच करायची, पण निवड बापाची. निवडीची रीत सोपी होती. वेष्टनावर गवताची टोपी किंवा गुडघ्यापर्यंत खोचलेले कपडे दिसले की मागवायचं. यात फसगत फार होई. एका खोक्यात सातच्या सात सिनेमे घरात बसलेल्या म्हाताऱ्या नवराबायकोचे निघाले. "एक बांध दाखवला नाय या माणसानं! भात खातात मात्र प्रत्येक सिनेमात!" असं म्हणून साहेब त्या दिग्दर्शकावर आठवडाभर रागावलेले होते. तरी खोकं कपाटात नीट लावलं, आकडा बाहेर दिसेल असं. शिवाय या आवृत्त्या एकदा संपल्या की पुन्हा निघत नाहीत, त्यामुळे साहेबांना कायम घाई. ही कसली घाई, तेही मला कळत नसे.

दुपारी पोस्ट बंद झालं की मी कधीमधी त्यांच्याकडे जायची. खिडक्यांना गोणपाटं लावून आमचा सिनेमा चाले. हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं की दर वेळी वेगळं उत्तर. एकदा म्हणाले, वेळ जातो. एकदा म्हणाले, त्यांच्या इरल्याची घडण बघायची आहे. माझा गोंधळ वाढतच गेला. शेवटी एका दुपारी मी चिडून म्हटलं, "साहेब, खरं सांगा नाहीतर पुढचं पार्सल मी परत पाठवते." मी काही ते पाठवणार नव्हते. पण साहेबांनी रिमोट खाली ठेवला.

नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. वैशाखऱ्याला चांगुणाबाईच्या खाचरात त्यांनी जपानी पद्धतीचं प्रात्यक्षिक कबूल केलं होतं. दुसऱ्या दिवशी वरचे अधिकारी बघायला येणार. साहेब आदल्या दिवशी जाऊन बघतात तर बाईने सगळं खाचर जुन्या रीतीने, हाताला येईल तसं लावून टाकलेलं. साहेबांनी तिला ती रोपं उपटायला लावली आणि दोरी धरून पुन्हा लावायला सांगितलं. तिने कमरेवर हात ठेवून एकच विचारलं, "साहेब, जपानात असंच लावतात, हे तुमी सोता पाहिलंय का?"

"आणि मी म्हटलं, हो, पाहिलंय. जाऊन आलोय."

साहेबांनी तोवर कल्याणच्या पुढे पाऊल टाकलेलं नव्हतं.

"त्या वर्षी भात चांगलं आलं, बाई. पीक बुडालं असतं तर कधीच कबूल करून मोकळा झालो असतो. पण ते आलं! मग सगळ्या पाड्यानं दोरी घेतली. आजही ती सांगते, आमचे साहेब जपान बघून आलेत. चाळीस वर्षं मी त्या रस्त्याने जाताना मान खाली घालतो. आता तिचंही वय झालं. ती असेतो मला एकदा बघायचंय, तिथे खरंच ओळीत लावतात का. म्हणजे खोटं थोडं तरी खरं होईल."

मला हसू आलं. साधी गोष्ट, जाऊन सांगून टाकायची. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ती साधी वाटेना.

पुढे नवव्या खोक्यात साहेबांना हवं ते सापडलं. मला निरोप आला, लगेच या. जाऊन बघते तर टीव्हीच्या अर्ध्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलेलं. गाडीवर बसलेली एक नवरी रडत होती, ती मध्ये येत होती म्हणून तिला झाकली होती. तिच्या मागे लांब खाचरात सात बायका वाकून आवणी करत होत्या. साहेबांनी चित्र थांबवलं. डावीकडे ओळी अगदी सरळ, उजवीकडे पार वाकड्यातिकड्या.

"आता या आवणीला काय म्हणायचं?" साहेब घामाघूम झाले होते. "पद्धत आहे का नाय?"

माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "साहेब, या नट्या. कुणी तरी सांगितलं असेल तसं लावलं. त्यांना कुठे पीक घ्यायचं होतं?"

नऊ खोकी झाली, पण हा विचार साहेबांच्या मनाला शिवला नव्हता. सिनेमाला ते आपल्या प्रात्यक्षिकाचं खाचर समजून बसले होते. मलाच फार वाईट वाटलं. त्या भरात मी म्हटलं, चला, चांगुणाबाईला दाखवू आणि काय ते सांगून टाकू. ही कल्पना माझी होती, हे लिहून ठेवलं पाहिजे.

पिशवीत यंत्र आणि खोकं घेऊन आम्ही शहापूर, मुरबाड करत वैशाखऱ्याला उतरलो. चांगुणाबाई ओटीवर होती. साहेबांना बघून एवढी आनंदली, की त्यांचा चेहरा आणखीच पडला. तिच्या बाळूने, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या मुलाने, यंत्र टीव्हीला जोडून दिलं. नवरी दिसली, मागच्या बायका दिसल्या, आणि साहेब उभे राहून शाळेतल्या मुलासारखे बोलून गेले, "चांगुणाबाई, मी जपानात कधी गेलोच नाय. तेव्हा तुमच्याशी खोटं बोललो."

ती टीव्हीकडेच बघत होती. "ती पोर का रडते?"

"कोण पोर?"

"ही काय, गाडीवरची."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं.

"ते नाय बघितलं मी. मी मागची आवणी बघत होतो."

चांगुणाबाई सावकाश वळली. "तवा पन तुमी आवणीच बघत व्हतात. हा बाळू पोटात व्हता माझ्या, सातवा म्हयना. दिसत नव्हतं तुमाला? आमी काय नाय बोललो. शिकलेला मानूस, सोता बघून आलाय, त्याला ठाव असंल, म्हनून मी दुसऱ्यांदा वाकले." मग तिने मुलाला टीव्ही बंद करायला सांगितलं. "आता जावा साहेब."

चहासुद्धा झाला नाही. परतीच्या जीपमध्ये साहेब खोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मी मनात स्वतःला शिव्या घालत होते. खोटं तसंच राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? ते मला आजही ठरवता येत नाही.

पुढच्या आषाढात मला फोन आला. चांगुणाबाईचाच. "साहेबांना घेऊन ये गो. आवणी हाय." बाकी काही नाही. आम्ही गेलो. खाचरात पाच-सहा बायका होत्या. तिने रोपांची एक जुडी साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "उतरा."

तेव्हा मला कळलं, की या माणसाने सगळी नोकरी बांधावर उभं राहून काढली होती. पँट वर करून साहेब चिखलात उतरले. पाय बाहेर निघेनात, रोपं उभी राहीनात. बायका आधी फिदीफिदी हसल्या, मग आपापल्या ओळीला लागल्या. एक कोपरा लावून साहेब कमरेला हात देऊन उभे राहिले. चांगुणाबाईने ती रोपं एकेक करून उपटली, चिखलातून धुतली आणि पुन्हा त्यांच्या हातात ठेवली.

"परत लावा."

मी मध्ये पडणार होते. साहेबांनी हातानेच मला थांबवलं आणि ते पुन्हा वाकले. झाल्यावर तिने स्वतः त्यांच्या पायांवर पाणी घातलं, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि शेजारी बसून खाऊ घातली.

"बाई, तिनं मला माफ केलं का शिक्षा केली?" जीपमध्ये त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला नाही कळलं. "मलाही नाय," ते म्हणाले. "पण कंबर दुखतेय ते बरं वाटतंय."

नवरात्रात साहेब गेले. दिवस झाल्यावर मुलीने सगळी खोकी माझ्याकडे आणून दिली. बाबांनीच सांगून ठेवलं होतं म्हणे. यंत्रही दिलं. त्या नवरीचा सिनेमा मी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा बघितला. खालची इंग्रजी अक्षरं भराभर जातात. एकदा वाटलं, तिला तो नवरा नको आहे. एकदा वाटलं, आई सुटते म्हणून रडते. तिसऱ्यांदा वाटलं, ती रडतच नाही, नुसती दमली आहे. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि माझ्या मनात आलं, साहेब असते तर दोघांनी मिळून काही तरी ठरवलं असतं.

साहेब गेल्याचं सांगायला मी वैशाखऱ्याला गेले. भात कापून झालं होतं. एकच कोपरा उभा होता, पिवळाधमक, ओळी वाकड्यातिकड्या. चांगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांना पदर लावला, नाक शिंकरलं. मग आत जाऊन विळा घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला.

"ह्ये साहेबांचं हाय. मी नाय कापनार. तूच त्यांना घेऊन आलेलीस ना इथं?"

मी उभ्या जन्मात विळा धरलेला नव्हता. तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे काहीच वाचता येत नव्हतं. मी साडी खोचली, खाचरात उतरले आणि वाकले. किती वेळा वाकायचं, ते विचारलं नाही.