कल्याणीचा जुना सल्ला

माझी धाकटी बहीण कल्याणी बालवाडीच्या नोकरीतून निवृत्त झाली, पण तिचं फिरणं थांबलं नाही. स्वमग्न मूल असलेल्या घरी ती जाते, आईशेजारी बसते. पोर अंघोळीला का किंचाळतं, लग्नातल्या बँडजवळून त्याला कसं न्यायचं, सदऱ्याचं लेबल उसवलं तर ते शांत होतं का, असलं ती बघते. तिच्याबद्दल नीट लिहिणं मला जमेलसं वाटत नाही. गेल्या मंगळवारी मी तिच्याबरोबर होतो, तेवढं सांगतो.

आदल्या आठवड्यात बेळगावात एक शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन भाषांनी अशी मुलं गोंधळतात हा समज चुकीचा आहे. आईनं आपल्या भाषेत भरभरून बोलावं. कल्याणी घरी आली आणि ताटावरून तशीच उठली. दोन वर्षांपूर्वी निपाणीच्या रचनाला तिनंच सांगितलं होतं, शाळा कन्नड आहे तर घरीही कन्नडच ठेव.

"फोन कर की," मी म्हटलं.

"हे फोनवर कसं सांगू, अण्णा?"

मंगळवारी निपाणीच्या बसमध्ये तिनं तीनदा जागा बदलली.

रचना गुंजीकडची, माहेर मराठी. तिची सहा वर्षांची ऋतिका दारात बसून बाटल्यांची झाकणं एका रेषेत लावत होती. कल्याणी चहालाही थांबली नाही.

"रचना, मी तुला चुकीचं सांगितलं गं. कन्नडच बोल म्हटलं ते."

रचना आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"मला कन्नड येतंय किती, बाई? बा, कूडु, ऊटा माडु, बेडा. ये, बस, जेव, नको. दोन वर्सं पोरीशी एवढंच बोलले मी." तिनं परड्यातल्या शेळीकडं बोट केलं. "तिच्याशी बोलते बघा मराठीत. लाडानं. आणि लेकराशी गप्प."

कल्याणी तिथंच खाली बसली.

"तुम्हाला तरी म्हाईत न्हवतं?"

"न्हाय. पण तुला कन्नड किती येतंय, एवढं तरी विचारायला पाहिजे होतं मी."

"मग आता काय करू?"

"बोल."

"काय बोलू?"

"काय पण. मनात येईल ते."

रचना लेकीशेजारी टेकली. "झाकणं लई झाली की गं तुझी," म्हणाली आणि अडखळली. ऋतिकानं मान वर केली नाही. रचना मात्र थांबेना. आज नळाला पाणी आलं नाही, भाकरी करपली, मामाच्या गावाला रेल्वे कशी वाजत येते. झाकण धरलेला हात मध्येच थबकला असं मला वाटलं. खात्रीनं नाही सांगता येणार. मग तो पुन्हा झाकणं रेषेत लावू लागला, आणि रचना बोलतच होती.

परतीच्या बसमध्ये कल्याणीनं वही काढली. पानं उलटली, मिटली, पुन्हा उघडली.

"अण्णा, संकेश्वरच्या शालूबाईच्या सुनेलाही मी हेच सांगितलं असणार."

"असणार म्हणजे?"

"सांगितलंच होतं."

संकेश्वर आलं तशी ती उठली.

"अगं, तिकीट बेळगावचं काढलंय," मी म्हटलं.

तोवर ती खाली उतरली होती.