नकाशातली कापूस वेचणारी

मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरात परीक्षेचे पेपर सोडले तर एवढं लांब कुणी काही लिहिलेलं नाही, आणि ते पेपरही माझेच. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

अमरावतीला आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागात कपाटामागे एक जुना नकाशा सापडला. भारताचा, कापडावर चिकटवलेला. त्यात नावांपेक्षा चित्रंच जास्त. आसामात चहा खुडणाऱ्या बाया, झरियाला कोळशाच्या गाड्या, केरळात नारळ, मुंबईला धूर सोडणारं जहाज. खालची कड वाळवीनं खाल्लेली.

सर म्हणाले, "कुणीतरी हा नव्या कागदावर उतरवा. जसाच्या तसा. चांगला जमला तर काचेत घालून व्हरांड्यात लावू."

मी हात वर केला आणि दोन दिवस पस्तावलो. पण माझ्या हातचा नकाशा तिथं लागायला हवा होता. पहिलं वर्षभर त्याच व्हरांड्यातून मी भिंतीच्या कडेनं, मान खाली घालून गेलो होतो.

दिवाळीत अकोल्याजवळ गावी गेलो. माय वेचणीला गेली होती. शेतातच तिला फोनवर नकाशाचा फोटो दाखवला. आमच्या वऱ्हाडावर एक बाई होती. गळ्यात दागिने, एका हातात विळा, दुसऱ्या हातात गव्हाची पेंढी धरावी तशी धरलेली कापसाची बोंडं.

मायनं फोन जवळ घेतला. "हे काय करून राहिली?"

"कापूस काढते."

"इळ्यानं?" माय हसायलाच लागली. "अवो, या पाहा वो! इळ्यानं कापूस!"

सगळ्या बाया गोळा झाल्या. एक म्हणाली, "पऱ्हाटीच कापली तं दुसऱ्या येच्याले काय येचन, काड्या?" पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड; त्यावरून कापूस दोन-तीनदा वेचतात. दुसरी म्हणाली, "गळ्यात पुतळ्या घालून आली, लग्नाले चालली काय?"

"अन् इले ओटी काहून नाई?" मायनं विचारलं. वेचलेला कापूस टाकायला कमरेला बांधतात ती कापडाची झोळी, ओटी. एवढी वर्षं मायच्या कमरेला पाहिली होती, पण नकाशात ती नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता पंचाईत झाली. सर म्हणाले होते, जसाच्या तसा. बदल केला आणि सरांनी नकाशाच बाजूला ठेवला तर? मायला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग खोटं काढतं काय?"

दुसऱ्या दिवशी ती ओटी बांधून अंगणात उभी राहिली. मी पेन्सिल घेतली. शेजारची काकू कुंपणावरून ओरडली, "हास वो थोडी, नकाशात जाऊन राहिली!" पण मायला नुसतं उभं राहता येईना. समोर झाड नसतानाही तिचे दोन्ही हात वेचतच राहिले. शेवटी मी हात तसेच काढले, चालते.

कॉलेजात सरांनी माझा कागद टेबलावर पसरला. बोट वऱ्हाडावर थांबलं. "हे मुळात नाही."

"नाही सर," मी म्हणालो. "माय म्हणाली, कापूस विळ्यानं कापत नाहीत."

मागं कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "बघू," एवढंच म्हणाले आणि कागद गुंडाळून ठेवला.

परीक्षा झाली, मी गावी आलो. माझा फोन अकोल्याला दुरुस्तीला पडला होता, त्यामुळे काहीच कळत नव्हतं. दुसरा वेचा सुरू होता, मीही झाडांच्या एका ओळीला, एका तासाला, लागलो होतो. तेवढ्यात मायचा फोन वाजला. माझा रूममेट होता. हात मोकळा नव्हता म्हणून तिनं स्पीकर लावला.

"काकू, कुठी हाय तो? आठ दिवसापासून फोन लावून रायलो. सांगा त्याले, नकाशा लागला व्हरांड्यात. काचेत. जुना बी बाजूले लावला, अन् सर पयल्या वर्षाच्या पोट्ट्यायले उभं करून इचारतात, सांगा, या दोघींतली कापूस येचणारी कोणती?"