पोर्फिरिचने पाडलेली चूल

आमच्या वेर्खोव्ये गावात चंद्रावर जायची घाई एकट्या पोर्फिरिचला होती. बाकीच्यांना आधी गवत कापून रचायचं होतं.

पोर्फिरिच म्हणजे आमचा शाळामास्तर, वेनियामिन पोर्फिरिएविच. एवढं लांबलचक नाव घ्यायला वेळ कुणाला आहे? दर शनिवारी संध्याकाळी गावच्या क्लबात त्याचं भाषण असायचं. क्लब झाडायचा, तिथली शेगडी पेटती ठेवायची, हे काम माझं, लुकेरियाचं. त्यामुळे त्याचं एकही भाषण मला चुकलं नाही, नशीब माझं! गाई यंत्र दोहणार, पाव यंत्र भाजणार, ट्रॅक्टर शेतात आपले आपण फिरणार आणि आम्ही बायका म्हणे खुर्चीत बसून बटणं दाबणार. तो पहिला माणूस आभाळात जाऊन सुखरूप खाली आला, त्या वसंतात तर विचारूच नका. पोर्फिरिचचे पाय जमिनीला लागेनात.

"आपली नातवंडं सुट्टीत चंद्रावर जातील," तो म्हणाला.

"मास्तर, तिथे व्होडका मिळेल का हो?" मत्वेई लोहाराने मागच्या बाकावरून विचारलं.

पोर्फिरिचला चेष्टा कधी कळायचीच नाही. "मिळेल की. पण तिथे सगळ्याचं वजन सहावा हिस्सा. बाटली फार हलकी लागेल."

"हलकी बाटली म्हणजे रिकामी! तशा तर घरीच ढीगभर आहेत."

क्लब हसून हसून बेजार झाला. आणि त्या हसण्यात मास्तरची बायको उस्तीन्या उभी राहिली. एरवी ती कोपऱ्यात मोजे विणत बसायची, तोंडातून शब्द नाही.

"आभाळातून सगळी पृथ्वी दिसते म्हणतोस, वेन्या. माणूस दिसेल?"

"दिसेल की! पुढची यंत्रं अंगणातली कोंबडीसुद्धा टिपतील."

"हरवलेला माणूस?"

 या दोघांचा एकुलता एक मुलगा मित्या त्रेचाळीस साली लढाईवर गेला, आणि पुढे 'बेपत्ता' एवढाच निरोप आला. मेला म्हणून रडायची सोय नाही, जगला म्हणून हसायची नाही. पोर्फिरिचने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दिसेल, उस्त्या. थोडी वर्षं थांब."

त्या दिवशी ती घरी गेली ती पोरीसारखी झपझप चालत. मी पाहिलं ना, क्लबाच्या पायरीवर उभी होते मी.

उन्हाळ्यात जिल्ह्याहून एक टोपीवाला साहेब आला. गावभर लाल खुंट्या ठोकल्या. म्हणाला, गावाबाहेर बॉयलर बसणार, तो आपला आपण चालणार, आणि थंडीच्या आत घराघरात गरम पाण्याचे नळ फिरणार. भिंतीच ऊब देणार! आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन लाकडं फोडायला घेतली. आमच्याकडे असंच करतात. साहेबाचं मन मोडायचं नाही आणि सरपणही कमी पडू द्यायचं नाही. एवढी साधी गोष्ट दूध पिणाऱ्या पोराला कळते, पण आमच्या मास्तरला कळली नाही.

उस्तीन्या तेव्हा गवत कापायला बहिणीकडे, झाल्येस्येला गेली होती. एका सकाळी तिच्या घरातून धाड धाड आवाज यायला लागला. धावत गेले. बघते तर पोर्फिरिच धुळीने पांढराफटक, हातात पहार, आणि चूल अर्धी खाली!

"अरे मेल्या, हे काय केलंस!"

"लुकेरिया, बघ, खोली केवढी झाली! इथे रेडिओ ठेवीन. तिथे पुस्तकांचं कपाट."

आमच्याकडची चूल म्हणजे काय भांडं उकळायची तीन दगडांची नव्हे. अर्धी खोली तिचीच असते. पोटात विस्तव, डोक्यावर झोपायचा ओटा. उस्तीन्याच्या बापाने बांधलेली चूल ती. मित्या रांगायला लागल्यापासून लढाईवर जाईपर्यंत त्याच ओट्यावर झोपला. 

उस्तीन्या परतली तेव्हाही मी तिथेच होते. दारात उभी राहिली. विटांच्या ढिगाकडे बघत होती, रागाने नाही, वाट चुकल्यासारखी.

"मित्या आला तर झोपेल कुठे?"

"लोखंडी पलंग घेऊ. अगं, भिंतीतून ऊब येणार आता!"

"त्याला चुलीवरच झोप लागते."

"उस्त्या, तू ना..."

"तूच म्हणालास, आभाळातून दिसेल."

"मित्या येणार नाही, उस्त्या!" पोर्फिरिच ओरडला. "नळ येणार आहेत!"

देवा रे! शब्द बाहेर पडला आणि त्याचं त्यालाच कळलं. पहार हातात तशीच, तोंड उघडं. उस्तीन्या रडली नाही की भांडली नाही. दारामागे मित्याचा जुना लोकरी बूट टांगलेला होता, तो काढला. त्याला दोरी बांधली, विटांपुढे ठेवला आणि कमरेत वाकली.

"चला आजोबा, बसा बुटात. इथे आता ऊब नाही राहिली."

घराचा आजोबा म्हणजे घर राखणारा, कुणाला न दिसणारा म्हातारा; तो चुलीमागे राहतो. घर सोडताना त्याला असं बोलावून न्यायचं असतं, नाहीतर तो बिचारा मागे रडत बसतो. उस्तीन्या तो बूट ओढत गल्लीतून निघाली, थेट झाल्येस्येच्या वाटेने. पोर्फिरिच दारातून हाक मारत होता, "रॉकेटच्या जमान्यात लोक काय म्हणतील, उस्त्या?" पण आवाजात दम नव्हता. मागे न बघता ती म्हणाली, "चूल उभी राहील तेव्हा बोलाव."

नळ काही आले नाहीत. शरद आला, चिखल आला, मग बर्फ पडलं, त्यात लाल खुंट्या बुडाल्या. पोर्फिरिचकडे विजेची एक शेगडी होती, पण गावात वीज संध्याकाळी दोन घटका यायची. खिडकीला आतून बर्फ धरायचं. मी म्हटलं, "माझ्याकडे ये झोपायला, मी काय तुला खाणार आहे?" तर म्हणे, "एवढ्यात कशाला? नळ कधीही येतील." कोबीचं सूप नेऊन दिलं की कोट, टोपी, हातमोजे घालूनच पितो. समोरची खुर्ची रिकामी, पण तिच्यापुढेही चमचा मांडलेला.

भाषणं मात्र लांबत चालली. शुक्र ग्रहावर म्हणे थंडी नावाला नाही. ऐकायला कोण? भर थंडीत मत्वेईसुद्धा येईना. मी एकटी समोर आणि तो टेबलामागे उभा राहून दीड दीड तास बोलतोय. मला कळत होतं, क्लबाची शेगडी सोडून त्याला घरी जायचं नव्हतं. मी गुपचूप आणखी लाकडं घालायची. रागही यायचा, कीवही. एवढं आभाळ पाठ असलेला माणूस आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायला घरात कुणी नाही.

एका शनिवारी बोलता बोलता मधेच थांबला.

"लुकेरिया, ती येईल का गं?"

"चूल आहे का घरात?"

"चूल बांधायची म्हणजे नळ येणार नाहीत असं मानायचं."

"मग नळाशीच संसार कर!" मी म्हटलं आणि झाडू आपटला.

बर्फ वितळलं आणि पोर्फिरिच अंगणात चिखल तुडवायला लागला. चुलीच्या त्याच विटा. कमान तेवढी मत्वेईने बांधून दिली, बाकी सगळं त्याने स्वतः केलं. वाकडीतिकडी झाली, पण उभी राहिली. मी बघायला गेले, तर वरचा ओटा भिंतीपर्यंत गेलेला, अर्धी खिडकी झाकलेली.

"अरे, इथे काय घोडा झोपवणार आहेस?"

पोर्फिरिच नखातला चिखल काढत होता. वर बघितलं नाही त्याने.

"मित्या गेला तेव्हा अठराचा होता. पोरं त्यानंतरही वाढतात, लुकेरिया."

 घरी येऊन डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले आणि उगाच मांजरावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी पोर्फिरिच माझ्या दारात येऊन म्हणाला, "झाल्येस्येला चल माझ्याबरोबर. एकट्याला दारात उभं करणार नाही ती." गेलो. उस्तीन्या पायरीवर बटाटे सोलत होती. पोर्फिरिचने टोपी काढली. नळाचं नाव नाही, चंद्राचं नाही.

"चूल उभी केली, उस्त्या."

"धूर?"

"थोडा कोंदतो."

"ओटा?"

त्याने हात पसरले, पुरेनात. मग पायरीपासून फाटकाकडे पावलं मोजत गेला आणि एका जागी पाय रोवून उभा राहिला. "एवढा."

उस्तीन्याने सुरी खाली ठेवली. 

"मित्याला पुरेल?"

"पाय पसरून झोपेल." मग खाली बघत म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते..."

"गप बस," ती म्हणाली. आत गेली, बूट घेऊन आली आणि दोरी त्याच्या हातात दिली.

भाषणं देणारा आमचा मास्तर त्या दिवशी भर गावातून जुना बूट ओढत आला. मत्वेई भट्टीसमोरून उठून बाहेर आला. मी म्हटलं, झालं, आता हा काहीतरी बोलणार. पण त्याने टोपी काढली. उंबऱ्यावर पोर्फिरिच अडखळला. उस्तीन्या मागे हाताची घडी घालून उभी. शेवटी वाकला आणि म्हणाला, "या आजोबा. घर तुमचंच आहे."

भाषणं अजून चालू आहेत. चंद्र काही त्याने सोडला नाही. लाल खुंट्यांचं मत्वेईच्या बायकोने कोबीच्या वाफ्याला कुंपण केलं. उस्तीन्या आता पहिल्या बाकावर बसते.

यंदाच्या थंडीत झाडं तडकत होती. सकाळी चाळण मागायला त्यांच्याकडे गेले. चूल पेटलेली, आणि दोघं म्हातारी खाली बाकावर कोट पांघरून काकडून बसलेली. वर ओटा मोकळा. चादर धुतलेली, उशी फुगवलेली.

"अरे, अक्कल गहाण टाकलीत का दोघांनी? वर जाऊन झोपा की!"

उस्तीन्याने हात उंच करून ओट्याची वीट चाचपली. "कोमटच राहिलीय, वेन्या."

पोर्फिरिच उठला, चुलीत एक लाकूड सारलं.

"तिथे कसे झोपू, लुकेरिया?" तो म्हणाला. "ती जागा त्याची आहे."