आट्यांचं पीठ कसं झालं: कुवेतमधले चार दिवस

"कुवेतला कोण फिरायला जातं?" बायकोनं विचारलं.

"फिरायला नाही, समन्वय साधायला चाललोय," मी म्हणालो.

"तुम्ही आणि भाऊजी एका बोअरचं पाणी वापरता. तिथं साधला का कधी?" असं म्हणून तिनं बॅगेत दोन पाकिटं चिवडा कोंबला. निमंत्रणपत्र मात्र तिला आवडलं. कागद जाड होता.

नव्यांसाठी ओळख: मी सांगलीजवळ कुपवाडला हातपंप बनवतो. दुसऱ्याच्या लेथखालचा बुरा झाडण्यापासून सुरुवात केली, आता स्वतःचा कारखाना आहे. इंग्रजी कामापुरतं, कान मात्र नको तितके तिखट. आफ्रिकेतल्या खेड्यांना पाणी देणाऱ्या एका मोठ्या संस्थेला मी पंप पुरवतो. अशा तीन मोठ्या संस्थांची परिषद कुवेतमध्ये होती. विषय: 'आपापसातला समन्वय वाढवणे'. नावं सांगत नाही. बोधचिन्हांच्या रंगांवरून निळी, हिरवी आणि केशरी म्हणू. माझे पंप हिरवी घेते. 'पुरवठादारांचा आवाज' म्हणून मला बोलावलं होतं. आवाज माझा मोठा आहेच.

पहिला दिवस

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. उन्हाळ्यात तिथं माणूस भाजतो आणि वर पैसेही देतो. व्हिसा ऑनलाइन झाला, विमानतळावर रांग छोटी होती. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरवा. मी बसल्यावर ठरवलं, त्यामुळे शहरातल्या हॉटेलपर्यंतचा रस्ता मला फार सुंदर वाटला नाही.

परिषदेच्या दारात नोंदणीची तीन टेबलं. तीन संस्था, तीन याद्या, गळ्यात अडकवायची तीन ओळखपत्रं. ज्याचा तिघांशीही संबंध, त्याच्या गळ्यात तिन्ही. माझ्यापुढे रांगेत अशाच एक बाई उभ्या होत्या. उंच, साध्या सुती कपड्यातल्या, खांद्यावर चामड्याची जड पिशवी. नाव चिकोंडी. मलावीतल्या एका जिल्ह्याच्या पाणीपुरवठा अभियंता.

"बैलपोळ्याला बैल सजवतात तशा दिसताय," मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो. पोळा समजावून सांगावा लागला. समजल्यावर त्या मोठ्यांदा हसल्या. "पण बैलाला त्या दिवशी काम नसतं ना? मला आहे."

चहाच्या वेळी त्यांनी काम सांगितलं. त्यांच्या एका गावात हाकेच्या अंतरावर तीन बोअर, तीन संस्थांचे तीन पंप. तिन्ही बंद. एकाचा दांडा आणि खालचा सिलिंडर गेलाय, दुसऱ्याचा दांडा आणि त्याला सिलिंडरशी जोडणारी सळई, तिसऱ्याची सळई आणि सिलिंडर. एकाचे भाग दुसऱ्याला लावले तर निदान एक पंप चालू होईल. पण लागत नाहीत. आणि जोड करून लावलाच, तर ज्या संस्थेचा पंप ती म्हणणार, छेडछाड झाली, आता आमची जबाबदारी नाही. मग पंप कायमचा बाद.

"मला एकच कागद हवाय. तिघांच्या सह्यांचा. जोड लावायला परवानगी," त्या म्हणाल्या. "कोरडे महिने आले की बायका नदीवर जातात. नदी दोन तासांवर आहे. जायला दोन."

मी म्हटलं, एवढंच? तीन साहेब, एक कागद, उद्या दुपारपर्यंत काम होईल. माणूस अनुभवानं शहाणा होतो म्हणतात. माझा अनुभव कारखान्यातला होता, परिषदेतला नव्हता.

दुसरा दिवस

नाश्त्याला उकडलेले चणे, चीज, ऑलिव्ह आणि गरम समून पाव. पाव खाऊन घ्या, दिवस मोठा असतो.

सकाळचं सत्र समन्वय समितीचं नाव काय ठेवावं, यावर गेलं. निळीला 'मंच' हवा होता, केशरीला 'व्यासपीठ', हिरवी म्हणाली 'मंच-व्यासपीठ' ठेवा. जेवणात मजबूस होता: मसाल्याचा भात, वर अख्खी कोंबडी. तिथं समन्वय उत्तम. तिन्ही संस्थांचे प्रमुख एकाच परातीभोवती.

दुपारी माझी पाळी. मी हिंदीत बोलायचं, लखनौच्या एक दुभाषी बाई काचेच्या खोलीतून इंग्रजी करणार. मी थेट मुद्द्यावर आलो.

आता, स्क्रूला जे वळसे असतात त्यांना आपण आटे म्हणतो. तिन्ही पंपांच्या सळयांचे आटे वेगळे, म्हणून एकाची सळई दुसऱ्यात बसत नाही. मी ठणकावून सांगितलं, "साहब लोग, झगडा सिर्फ आटे का है! तीनों के आटे अलग हैं। जब तक आटे नहीं मिलते, गाँव को पानी नहीं मिलेगा!"

हिंदीत त्याला चूडी म्हणतात, हे मला त्या दिवशी रात्रीपर्यंत आठवलं नाही. सभागृहात एकदम हालचाल झाली. माणसं भराभर लिहायला लागली. माझी छाती फुगली. मग निळीचे साहेब उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "ही गोष्ट आजवर आमच्यापासून लपवली गेली. पीठ गव्हाचं हवं की मक्याचं?"

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. तोवर केशरीनं पीठ देऊ केलं. हिरवीनं त्याहून जास्त देऊ केलं. निळी म्हणाली, पिठाचं काम पहिल्यापासून आमचं आहे. दहा मिनिटांत 'पीठ कृतिगट' तयार झाला. नावावर वादसुद्धा नाही!

चिकोंडीबाईंनी हात वर केला. "पीठ आमच्याकडे आहे. ते शिजवायला पाणी नाही."

अध्यक्ष प्रसन्न झाले. "वा! अन्न आणि पाणी यांचं नातं इतक्या थोडक्यात कुणी मांडलं नव्हतं. इतिवृत्तात घ्या."

घेतलं. आणि चहा झाला.

तिसरा दिवस

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, 'अनौपचारिक समन्वय'. म्हणजे सगळ्यांना तीन बसमधून (निळी, हिरवी, केशरी) दक्षिणेला खैरानच्या समुद्रकाठी नेणार, बोटीत फिरवणार, मासळी खिलवणार. ज्यांना बिलाची काळजी नाही त्यांनी खैरानला जरूर जावं. पाणी निळंशार आहे म्हणे.

मी गेलो नाही. चिकोंडीबाईंना म्हटलं, "कागद मिळेल तेव्हा मिळेल. जोड तर करून घेऊ." त्यांनी चामड्याच्या पिशवीवर थाप मारली. आत लोखंड वाजलं.

फहाहीलला तेल कंपनीत असलेला माझा नाशिककर मित्र निलेश आदल्या दिवशी भेटला होता. त्यानं पत्ता दिला: अर्दियाच्या औद्योगिक भागात रत्नागिरीचे इस्माईलभाई लेथ चालवतात. तिकडे जायचं तर शुक्रवार टाळा, सगळं बंद असतं. गल्ल्या सारख्याच दिसतात: गॅरेज, टायर, गोदाम, पुन्हा गॅरेज. कोपऱ्यावर कडक दुधाळ चहा मिळतो, तो कागदी कपात घेऊन विचारत विचारत गेलो. वंगणाचा वास आला तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.

इस्माईलभाई साठीचे, पांढरी दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा. मराठी ऐकून त्यांनी मशीन बंद केलं. "सांगली? मग पिठाचं काम नाय ना?" निलेशनं फोनवर सगळं सांगून ठेवलं होतं. त्याचं तोंड बंद राहत नाही.

"करून कधी मिळेल?"

"इथं कुणाला विचारलंत तर सांगतील 'बुकरा'. म्हंजे उद्या. कुठला उद्या ते सांगत नायत. मी आजच देतो. दाखवा."

चिकोंडीबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सळयांचे तीन तुकडे बाकावर मांडले. इस्माईलभाईंनी आटे मोजायचा गेज काढला. गेज म्हणजे दातेरी पात्यांचा जुडगा, ज्याचे दाते बसतील तो आटा.

"हा मिलिमीटरचा. कुठंही मिळेल. हा इंची, अर्धा इंच जाड, इंचाला बारा आटे. जुना, सरळमार्गी." तिसऱ्याला त्यांनी चार पाती लावून पाहिली. मग चष्मा कपाळावर सरकवला. "अर्धा इंच, आणि अठरा आटे? असा आटा या दुनियेत नाय, शेट."

मी चहा प्यायलो. कप रिकामा होता.

"चुकून झाला असेल," मी म्हणालो.

"चुकून सतरा होतील, एकोणीस होतील. आणि दर सळईला चुकेल काय? हा मुद्दाम काढलाय. बाजारात नट मिळू नये, गिऱ्हाईक परत ह्याच्याच दारात यावं. हुशार माणूस हाय कोणतरी." मग चिकोंडीबाईंसाठी हिंदीत, "बहुत होशियार, मॅडम. और थोडा हरामी."

बाईंना हिंदी येत नाही. पण त्या माझ्याकडे बघून हसल्या. "तुमच्या कंपनीला मी पत्र लिहिलं होतं. सळईचं ड्रॉइंग मागितलं होतं. उत्तर आलं, ड्रॉइंग गोपनीय आहे, सुटे भाग आमच्याकडूनच मागवावेत. फार नम्र पत्र होतं."

ते पत्र मीच सांगून लिहून घेतलेलं. 'नम्र' शब्दही माझाच. बोधचिन्हांना दोन दिवस हसत होतो, आणि तिसरा पंप माझा होता. बाईंनी ओळखपत्रावरचं नाव पहिल्याच दिवशी वाचलं होतं. पोळ्याचा विनोद ऐकून घेतला, चहा पाजला आणि मला बरोबर लेथपर्यंत आणलं. व्यापारात असत्या तर मला विकून खाल्लं असतं.

"इस्माईलभाई," मी म्हटलं, "तो हरामी मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सळईकडे. "आटा साफ काढलाय मात्र," म्हणाले आणि मशीन चालू केलं.

ड्रॉइंग मी तिथंच काढून दिलं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर. चोवीस जोड झाले, एका तोंडाला माझे अठरा, दुसऱ्याला सरळमार्गी बारा. बाई एकेक हातानं फिरवून बघत होत्या. इस्माईलभाई पैसे घेईनात. घेतले, पण अर्धेच. "अर्धं हराम्याला माफ."

चौथा दिवस आणि घर

शेवटच्या दिवशी जाहीरनामा वाचला गेला. त्यात पीठ सात वेळा आलं, मी मोजलं. सळई, आटा, जोड एकदाही नाही. चिकोंडीबाई कागद घेऊन तिन्ही प्रमुखांकडे गेल्या. प्रत्येक जण म्हणाला, "आनंदानं. आधी बाकीच्या दोघांची सही आणा." मग मी माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं: या पंपाला जोड लावायला बनवणाऱ्याची हरकत नाही, ड्रॉइंग सोबत, कुणीही बनवावं. एक सही तरी झाली. चिवड्याची दोन्ही पाकिटंही दिली. त्या म्हणाल्या, पीठ सोडून काहीही चालेल.

कुपवाडला आल्यावर मुलाला सांगितलं, आटे पाडायची डाय बदल, पुढच्या सळईला अठराऐवजी बारा आटे. तो म्हणाला, "पप्पा, सुट्या भागांचा धंदा बसेल." मी म्हटलं, बसेल. तो दोन दिवस कॅल्क्युलेटर घेऊन माझ्यामागे फिरला. डाय मात्र बदलली. कुवेतहून मी खजूर आणि अत्तर आणलं होतं. खजूर संपले. विकत न आणलेला इस्माईलभाईंचा 'हरामी' शब्दही बरोबर आला, तो खुपतोय अजून.

तीन आठवड्यांनी चिकोंडीबाईंचा व्हिडिओ आला. हिरवीच्या पंपात माझी सळई, तिला जोडून निळीचा सिलिंडर, वर केशरीचा दांडा. आणि पाणी. एक म्हातारी दांडा मारताना कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी खणखणीत बोलते. बाईंनी अर्थ सांगितला नाही. शिवी असावी.

त्यानंतर आठवड्यानं मला पत्र आलं. पूर्वसूचनेशिवाय रचना बदलल्यामुळे माझं नाव पुरवठादारांच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. खाली निळी, हिरवी, केशरी, तिघांच्या सह्या, एकाच कागदावर. मुलगा डोकं धरून बसला. मी दुसरं पान उलटलं. तिथं शेवटचं कलम होतं: सध्या बसवलेला जोड तिन्ही संस्थांच्या संयुक्त लेखी परवानगीशिवाय कोणीही काढू नये.

मी ते पान चिकोंडीबाईंना पाठवलं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "म्हणजे आता आमचा पंप कुणीच काढू शकत नाही."